ब्रेक बाबांच्या हातात

१२ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे गृहीत धरूनच लिहायला बसलेय. ठेव. जेवून घे, मग वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज वाचूनही उत्तर देत नाहीस तेव्हा माझं डोकं फिरतं. कागदाचं एक बरं असतं. तो फेकायचा तर माणसाला उठावं लागतं, आणि तू जेवल्यावर किती उठतोस ते मला ठाऊक आहे.

बातमी अशी की जिना-खुर्ची झाली! म्हणजे अजून जिना उतरत नाही, पण बसता येण्याइतकी झाली. तू कापलेल्या साच्यातून पहिली बैठक आणि खुर्चीचे दोन्ही हात निघाले. एक ओरखडा नाही, एक फुगा नाही. मोल्डिंगवाला तो हात उलटासुलटा करून बघत राहिला आणि म्हणाला, "साचा कुणी केला? त्याला माझा नमस्कार सांगा." मी म्हटलं, सांगते, पण टपालखर्च पडेल. तर हा नमस्कार पोचला असं समज.

वेल्डरकाकांनी सांगाडा जोडला, मागे रबरी पट्टे चढवले, आणि आम्ही दोघांनी ती अवजड खुर्ची चार मजले चढवून घरात नेली. बाबांना बसवलं. बसले बरं का! पाठ टेकली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, समोर खिडकीतून बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी. मला वाटलं, आता म्हणतील, छान झालीय. तर त्यांचा उजवा हात खुर्चीच्या बाजूला काहीतरी चाचपायला लागला.

"काय हवंय बाबा?"

"ब्रेक कुठं आहे?"

मी समजावलं. मागे उभा असलेला माणूस दांडा धरतो, पट्टे पायरीच्या कडेवरून घसरतात, ब्रेक त्याच्याकडे असतो. बसलेल्याने नुसतं बसायचं.

"उभं आयुष्य बस चालवली मी," बाबा म्हणाले. "तोंड रस्त्याकडे माझं आणि ब्रेक दुसऱ्याकडे, असं एक दिवस झालं नाही. ब्रेक माझ्या हातात द्या. नाहीतर ही खुर्ची तुमच्या त्या अँब्युलन्सवाल्यांना लखलाभ."

आणि उठवा म्हणाले.

आता तू म्हणशील, साचा कापून झालाय. माहीत आहे. "आता यात काडीचा बदल होणार नाही," हे तुझं वाक्य, त्यानंतर टेबलावर आपटलेल्या आपल्या वर्कशॉपच्या किल्ल्या, आणि त्यानंतर थेट तो मोठा कारखाना, जिथे वहिनी सांगते की एक स्क्रू बदलायचा तर सात जणांच्या सह्या लागतात. सुखात असशील. मी त्या दिवशी फक्त डोक्यामागची उशी रुंद करू म्हटलं होतं. "भिंगरे, तू वस्तू बनवत नाहीस, तू नुसते बदल बनवतेस." ते वाक्य मला तेव्हा आवडलं नाही, आजही आवडत नाही. आणि उशी रुंदच हवी होती.

पण ते जाऊ दे. बाबांचे गुडघे गेले त्याला वर्ष होऊन गेलं आणि या वर्षात ते एकदाही खाली उतरलेले नाहीत. शेजारची चार पोरं उचलून न्यायला तयार आहेत, तर म्हणतात, "मी काय पोतं आहे?" महिनाअखेरीला अँब्युलन्सच्या बाई खुर्ची बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडली तर वर्कशॉपला बरे दिवस येतील, पण मला आधी बाबा खाली हवेत. त्यासाठी ब्रेक लागणार असेल तर ब्रेक.

तुझी (तुला आवडो न आवडो)
भिंगरी


२० फेब्रुवारी

दादा,

वहिनीने सांगितलं. तू पत्र वाचत नाहीस म्हणे, फक्त पाकीट फोडून, चष्मा लावून, त्याच्याकडे बराच वेळ बघतोस. बरं. मग हेही बघ.

अँब्युलन्सच्या बाई ठरल्याआधीच येऊन गेल्या. बारा गावचं पाणी प्यायलेली बाई आहे. आवाज असा की आपलं मिलिंग मशीन चालू असताना तिला ओरडावं लागत नाही. तिने खुर्ची हलवली, वाकवली, आडवी केली, पट्टे नखाने दाबून बघितले, मान डोलावली. मग मी ब्रेकचं काढलं.

"पेशंटच्या हातात ब्रेक?" बाई म्हणाल्या. "मुळीच नाही. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते आवळतो. मधल्या पायरीवर पट्टा जाम झाला की मागचा माणूस पेशंटच्या डोक्यावरून पुढे. मग एकाच्या जागी दोन पेशंट."

मी म्हटलं, माझे वडील घाबरणाऱ्यातले नाहीत.

"तुमचे नसतील. मला सगळ्यांच्या वडलांना उतरवायचं असतं."

इथेच तर घोडं पेंड खातं, दादा. बाई खऱ्या आणि बाबाही खरे. तू असतास तर म्हणाला असतास, ड्रॉइंगवर जे आहे तेच राहील, आणि दोघांनाही परत पाठवलं असतंस. मी दोघांना समोरासमोर बसवलं. बाईंना घेऊन चार मजले चढले. त्या धापा टाकत बाबांसमोर बसल्या आणि दोघांचं जे काही जुंपलं! रस्ता, उतार, ओझं, घसरण. आईने दोनदा चहा केला. शेवटी ठरलं ते असं, की बाबांच्या हातात दांडी द्यायची, तिच्यात स्प्रिंग घालायची, आणि ती कितीही आवळली तरी पट्टा फक्त मंद होईल, जाम होणार नाही. थांबवायचं काम मागच्या माणसाचं.

मला भीती, बाबा यावर फुरंगटून बसतील. तर म्हणतात, "थांबवतो कुणीही. गाडी मंद करायला ड्रायव्हर लागतो."

खाली वर्कशॉपमध्ये येईपर्यंत मी जवळजवळ नाचत होते. मग साच्यापुढे उभी राहिले आणि नाचणं थांबलं. दांडी बसवायची तर खुर्चीच्या हाताला खालच्या अंगाला एक कान हवा, पिन घालायला. प्लास्टिकला कान हवा तर साच्यात तेवढं लोखंड कोरून काढायला हवं. आणि तुझ्या ड्रॉइंगमध्ये नेमक्या त्याच जागेतून साचा थंड करायची पाण्याची वाट जाते. कोरायला जावं तर वाटेलाच भोक पडणार, साचा भंगारात.

तरी म्हटलं, वाट नक्की किती खोल आहे ते बघू. तार घेतली आणि भोकात सरकवली. बोटभर गेली आणि अडली. दुसऱ्या बाजूने घातली, तिकडेही अडली. बॅटरी लावून बघितलं. दादा! तू ती वाट तिथे बंद केलीस, खाली वळवलीस आणि लांबून फिरवून आणलीस! त्या सगळ्या भागात ना पाणी, ना स्क्रू, ना भोक. नुसतं भरीव लोखंड, दोन्ही हातांखाली. आणि ड्रॉइंगवर या कशाचा पत्ता नाही.

आईसुद्धा वाढत्या पोराचा कपडा शिवताना शिवणीत आतून जास्तीचं कापड सोडायची, उद्या उसवून मोठा करता यावा म्हणून. तिने ते कधी लपवलं नाही. तू मात्र "काडीचा बदल होणार नाही" असं माझ्या तोंडावर सांगितलंस, आणि त्याआधीच बदलाला जागा सोडून बसला होतास. इतका लबाड माणूस मी पाहिला नाही. मी साच्यावर डोकं टेकून हसत होते आणि वेल्डरकाकांना वाटलं मी रडतेय. दोन्ही होतं थोडंथोडं.

मला तुझी आठवण येते रे. हे लिहायचं नव्हतं, पण खोडलं तर कागद खराब दिसेल.

भिंगरी


१ मार्च

दादा,

फजिती ऐक. तुला आनंद होईल.

कान कोरला, अगदी तुला पसंत पडेल असा. नवे हात काढले, दांडी बसवली, केबल ओढली. नुसता हात वर नेऊन बाबांना दाखवला तर त्यांनी दांडी इतक्या वेळा दाबली की आई म्हणाली, झोपताना उशाला घ्या. मग तो खाली आणून खुर्चीला जोडला आणि खुर्ची मिटायला गेले. मिटेना! अँब्युलन्सच्या कपाटात ती पाटासारखी सपाट जायला हवी, आणि इथे दांडी सांगाड्याच्या नळीवर जाऊन आपटतेय. डावीकडेही, उजवीकडेही.

मी वेल्डरकाकांवर खेकसले. ही नळी इथे का आली? त्यांनी शांतपणे खिशातून ड्रॉइंग काढलं. जुनं. तारीखही बरोबर, माझी सहीही बरोबर.

"दांडी येणार हे मला सांगितलं कुणी?" काका म्हणाले.

मी आठवायला लागले. बाबांना सांगितलं होतं. बाईंना, मोल्डिंगवाल्याला, केबलवाल्याला, आईला, एवढंच काय, तुलाही पत्रात सांगितलं होतं.

"म्हणजे ज्याने तुमची पत्रंसुद्धा वाचायची नाहीत असं ठरवलंय, त्याला ठाऊक," काका म्हणाले, "आणि तुमच्या शेजारी उभा राहून जो नळ्या जोडतोय, तो काय भिंतीवरची पाल?"

काका त्या रागात दुसऱ्या सांगाड्याला रंग मारायला गेले आणि त्यावर त्यांनी नेहमीची पाटी अडकवली, "रंग ओला आहे, हात लावू नका". मी त्या पाटीकडे बघत बसले आणि एकदम उठले. दादा, आपलं भांडण या पाटीत आहे! तुझं म्हणणं, सगळं वाळलंय, हात लावू नको. माझं म्हणणं, सगळं ओलंय, हवं तसं दाबा. आणि खरं म्हणजे प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी असते.

म्हणून मोठी फळी आणली, खडूने तीन रकाने पाडले. ओलं, वाळतंय, वाळलं. खुर्चीच्या प्रत्येक भागाची चिठ्ठी त्यात टांगली. जे अजून कागदावर आहे ते ओलं, त्यात कुणीही काहीही सुचवावं. ज्याचं लोखंड कापायला घेतलंय ते वाळतंय. ते बदलायचं तर ज्याच्या ज्याच्या कामाला धक्का लागतो, त्याने आधी चिठ्ठीवर आपली खूण करायची, आणि पहिली खूण वेल्डरकाकांची. जे वाळलं ते वाळलं, त्यातला बदल पुढच्या खेपेच्या खुर्च्यांना. तुझा साचा मी माझ्या हाताने "वाळलं"मध्ये टांगला. फोटो काढून पाठवला असता, पण तू मेसेज वाचून गप्प बसतोस.

काकांनी फळी वाचली. म्हणाले, "आधी असती तर मला पाल व्हावं लागलं नसतं." पण खूण केली. पालीचं चित्र काढलं.

एवढं करून खुर्ची मिटत नाही ती नाहीच. कान कोरून झाला, काढलेलं लोखंड परत घालता येत नाही. सांगाडा बदलावा तर सगळ्या नळ्या नव्या. ड्रॉइंगची नक्कल सोबत जोडलीय. तुला काही विचारत नाहीये. पाकिटात जागा होती म्हणून जोडली.

भिंगरी


८ मार्च

दादा दादा दादा!

पाकीट आलं. आत माझंच ड्रॉइंग. तुझा एक शब्द नाही, "प्रिय" नाही, "भिंगरे" नाही, नाव-गाव काही नाही. आणि लाल पेन्सिलीने अकरा गोल! अकरा चुका काढल्यास! मी वर्कशॉपमध्ये अशा उंच उड्या मारायला लागले की वेल्डरकाकांनी वेल्डिंग थांबवलं.

"पास झालात की काय?"

"नाही हो काका! अकरा चुका!"

"मग एवढं काय झालं?"

काय झालं ते त्यांना कसं सांगू? अकरा चुका काढायच्या तर माणसाला किती वेळ ते ड्रॉइंग समोर घेऊन बसावं लागतं! तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोयस, पण हाकतोयस तरी! वहिनी म्हणाली, तू दोन दिवस जेवणाच्या टेबलावरून कागद उचलू देत नव्हतास आणि वर तिलाच सांगत होतास, मला त्या खुर्चीशी काही देणंघेणं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय कधी जाणार?

चौथा गोल बघून मी कपाळावर हात मारला. कान तोच, पिन तीच, फक्त दांडी उलटी. हाताच्या वरून दाबायची नाही, खालून बोटांनी वर ओढायची, सायकलच्या ब्रेकसारखी. मग मिटताना ती हाताच्या पोटाशी चिकटून राहते आणि नळीला शिवतसुद्धा नाही. साचा तसाच, सांगाडा तसाच. अर्ध्या दिवसाचं काम! "वाळतंय"मध्ये चिठ्ठी लावली, पालीची खूण झाली, केबलवाल्याची झाली, बाबांची घ्यायला वर गेले. बाबा म्हणाले, "बसला ब्रेक पायाने लागतो, हे सायकलचं झालं." मग बोटं वळवून हवेत दोनदा ओढून बघितलं. "चालेल. पकड चांगली येते. कुणाची अक्कल?"

मी म्हटलं, लाल पेन्सिलीची.

बाबांनी ते ड्रॉइंग मागून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या मांडीवर होतं. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आठव्या गोलाशी मी सहमत नाही. उशी रुंदच राहील.

भिंगरी


१६ मार्च

दादा,

खुर्ची जिना उतरली!

आधी वाळूची पोती बसवून. मग वेल्डरकाका बसले, डोळे गच्च मिटून, आणि खाली पोचल्यावर म्हणाले मिटले नव्हते. मग बाई स्वतः बसल्या आणि मागे मी. दादा, तो आवाज तुला ऐकवायला हवा होता. पट्टा पायरीची कड सोडतो आणि पुढची पकडतो, नुसती सरसर, मध्ये कुठे धक्का नाही. बाईंनी मुद्दाम घाबरल्याचं सोंग करून दांडी जीव खाऊन आवळली. खुर्ची मंद झाली, थांबली नाही, माझा तोल गेला नाही. खाली उतरून त्यांनी ब्रेक तीनदा ओढून बघितला आणि म्हणाल्या, "तुमच्या वडलांचं डोकं चांगलं आहे. हे सगळ्या खुर्च्यांना हवं. माणसाच्या हातात काहीतरी असलं की तो ओरडत नाही."

पसंत! दादा, पसंत!

आणि लगेच तीन बदल सांगितले. मागचा दांडा बुटक्या माणसाला उंच पडतो, पायाचा पट्टा झटकन सुटत नाही, आणि बैठक दोन बोटं रुंद हवी. मी फळीपुढे जाऊन उभी राहिले. या खेपेच्या खुर्च्यांचा दांडा अजून ओला होता, म्हटलं आजच करते. पायाचा पट्टा वाळत होता, काकांना विचारलं, त्यांनी पाल काढली. बैठक मात्र वाळलेली. तुझ्या साच्यातली.

"बैठक या खेपेला नाही होणार," मी म्हणाले. "पुढच्या खेपेला करू."

दादा, हे मी म्हणाले! मी! वेल्डरकाकांच्या हातातला पाना खाली पडला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आता सगळंच हातचं जातंय. तर म्हणाल्या, "बरं झालं. सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाकडून मी काही घेत नाही."

उद्या सकाळी बाबा उतरणार. आईने त्यांचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. बाबांनी दाढी आजच करून टाकलीय, उद्या गडबड नको म्हणून.

भिंगरी


१९ मार्च

दादा,

कुठून सुरुवात करू? बाबा उतरले! आपले बाबा खाली उतरले!

मागे मी, खाली पुढे बाई उभ्या. पहिली पायरी घेताना आईने दाराची चौकट घट्ट धरली होती. बाबांनी बोटं दांडीवर ठेवली आणि म्हणाले, "जाऊ द्या." प्रत्येक वळणाआधी ते वेग कमी करत होते, इतका हळुवार, की मला मागे कळायचं की आता वळण येतंय. मजल्यामजल्यावर दारं उघडून लोक उभे. बाबा कुणाकडे बघत नव्हते. रस्त्यावर असताना इकडेतिकडे बघायची त्यांना सवय नाही.

खाली पोचल्यावर वर्कशॉप दाखवलं. फळी पूर्ण वाचली, पाल कुणी काढली ते विचारलं. मग कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत जायचं म्हणाले. सपाटीला खुर्ची चाकांवर सुरेख पळते. तिथे आम्ही कितीतरी वेळ बसलो. एक बस आली, जरा झटक्याने थांबली. बाबा म्हणाले, "कोवळा आहे, शिकेल." त्या ड्रायव्हरने उगाचच हात केला, बाबांनीही केला. मी रडले, सरळ सगळ्यांसमोर रडले. वर्षभर त्यांनी रस्ता फक्त वरून बघितला होता.

ऊन चढलं तसे परत आलो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी खुर्ची उभी केली. बाबा म्हणाले, "चला. वर घ्या."

मी काकांकडे बघितलं. काकांनी बाईंकडे.

"बाई," मी म्हटलं, "वर कसं नेता तुम्ही?"

"आम्ही वर नेत नाही," बाई म्हणाल्या. "आमचं काम खाली आणायचं. पुढे दवाखाना."

दादा! पट्टे फक्त उतरतात! चढत नाहीत! ब्रेक आहे, स्प्रिंग आहे, उशी आहे, अकरा गोल आहेत, तीन रकान्यांची फळी आहे, आणि खाली आलेल्या माणसाला घरी परत जायचं असतं हे आपल्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही! तुझ्याही नाही, हं. तुझ्या अकरा गोलांत तो बारावा नव्हता. चार मजले वरून आई ओरडली, "काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हौसेनं उतरवलंत ना? आता चढवा हौसेनं!" आणि बाबा इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला. वर्षभरात ते असे हसलेले मला आठवत नाहीत.

तर सध्या बाबांचा मुक्काम वर्कशॉपमध्ये आहे. काकांनी नळ्यांची खाट जोडून दिली. बाबा खुशीत. कोण आलं, कोण गेलं, कोणाचा बदल कोणत्या रकान्यात, सगळं बघतात. शेजारची पोरं पुन्हा उचलायला आली होती, त्यांना पुन्हा तेच, "मी काय पोतं आहे?" चढणारी खुर्ची करायला घेतलीय मी, "ओलं"मध्ये चिठ्ठीही टांगलीय, पण ती उद्या होणारी नाही. आणि आई दिवसातून चार वेळा चार मजले करतेय. काल जेवणाचा डबा घेऊन आली आणि पायरीवरच बसून राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती वर गेल्यावर मला बोलावलं.

"तुम्ही दोघं मिळून उचलणार असाल तर मी जाईन वर," म्हणाले. "परक्याने उचललं तर माणूस पोतं होतो. आपल्या पोरांचं तसं नसतं."

मी म्हटलं, बाबा, दादा येईल असं मला वाटत नाही.

"त्याला लिही. मी सांगितलंय म्हणून लिही."

लिहिलंय. खुर्चीला मागे दांडा आहेच. उचलताना खालच्या माणसाला धरायला पुढे काहीच नव्हतं, म्हणून आज काकांकडून दोन दांडे जोडून घेतले, तुझ्या उंचीचा अंदाज घेऊन. हो, पुन्हा बदल. पालीची खूण घेऊनच केलाय.

ये ना रे.

भिंगरी


२५ मार्च

भिंगरे,

पुढचे दांडे चार बोटं खाली घे. चढवताना खालच्या माणसावर जास्त वजन येतं. खालची बाजू मी धरतो, तू वरची धर.

रविवारी सकाळी पोचतो. बाबांना सांग.

बारावा गोल माझ्या लक्षात यायला हवा होता. उशी रुंद आहे तीच बरोबर आहे.

जिन्यात असताना काही बदलू नकोस.

दादा